ॲडमिन खात्यालाच प्रवेश नाकारला जातो तेव्हा

नागपूर–छिंदवाडा मार्गावरील रामाकोना हे मध्य प्रदेशातील मराठीभाषक पट्ट्यातले गाव. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्याचे विभाजन होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि सौंसर तालुक्यासह रामाकोनाही त्यात गेले. याच तालुक्यात बोरगावचे औद्योगिक क्षेत्र आहे. अशा ठिकाणच्या कारखान्यांची व गोदामांची रचना बहुधा सारखीच असते. यंत्रे व माणसे येथे, मुख्य सर्व्हर मात्र नागपूरला, मुंबईला किंवा त्याहूनही दूर. आणि स्थानिक कार्यालयातील सगळ्या संगणकांची जबाबदारी एकाच कर्मचाऱ्यावर. वेर्णा वा कुंडईच्या वसाहतीत नोकरी करणाऱ्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

त्या कर्मचाऱ्याकडे ॲडमिन खाते असते. तरीही एखाद्या रात्री माल रवाना होण्याच्या वेळी सामायिक फोल्डर उघडत नाही, छपाईयंत्र जोडता येत नाही आणि पडद्यावर ‘ॲक्सेस डिनाइड’ अशी पाटी झळकते. मुख्यालयाला दूरध्वनी जातो. पलीकडचा माणूसही घाईत असतो. तो खाते उचलून सर्वोच्च अधिकारांच्या गटात टाकतो, काम भागते, ट्रक निघतो. नकार नेमका कशामुळे आला होता हे कोणालाच कळलेले नसते, आणि वाढवलेला अधिकार काढून घेण्याची आठवणही कोणाला राहत नाही. कंपन्यांच्या जाळ्यांमधील अनेक गंभीर दुखण्यांची सुरुवात या सोयीच्या उपायातून होते.

मुळात ‘ॲडमिन’ हा शब्द दोन वेगळ्या अधिकारांसाठी वापरला जातो. विंडोजवर चालणाऱ्या प्रत्येक संगणकाची स्वतःची खातेयादी असते. तीतील ॲडमिन हा त्या एका संगणकापुरता मालक. याशिवाय संपूर्ण कंपनीची एक सामायिक खातेयादी डोमेन कंट्रोलर नावाच्या सर्व्हरवर राहते. विंडोज २००० पासून ती ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ या नावाने ओळखली जाते. एखादा संगणक डोमेनमध्ये दाखल झाला की ‘डोमेन ॲडमिन्स’ हा गट आपोआप त्या संगणकाच्या ॲडमिन गटात जाऊन बसतो. म्हणजे स्थानिक ॲडमिनची सत्ता एका खोलीपुरती, तर डोमेन ॲडमिनची साऱ्या वाड्यावर.

वाड्याची किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात असली तर काय होते, हे न्हावा-शेवा येथे दिसले. २७ जून २०१७ रोजी जवाहरलाल नेहरू बंदरातील ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ या टर्मिनलचे काम संगणक बंद पडल्याने कोलमडले. हे टर्मिनल चालवणारी एपीएम टर्मिनल्स ही डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील कंपनी, आणि मर्स्कचे जगभरचे जाळे त्या दिवशी ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक सॉफ्टवेअरने ग्रासले होते. त्याचा उगम युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये होता. विंडोजमधील ज्या त्रुटीचा त्याने लाभ घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये प्रसिद्ध केली होती. परंतु नॉटपेट्याजवळ दुसरेही हत्यार होते. संगणकाच्या मेमरीत शिल्लक राहिलेली ॲडमिन खात्याची ओळख ते उचलत असे आणि विंडोजच्याच अधिकृत साधनांनी, त्या खात्याच्या अधिकारात, शेजारच्या संगणकावर शिरत असे. त्यामुळे दुरुस्ती बसवलेला संगणकही सुरक्षित राहत नसे.

मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणकांवर सर्व काही नव्याने बसवावे लागले. हे काम दहा दिवसांत पार पडल्याचे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले. नुकसानीचा कंपनीचा अंदाज २० ते ३० कोटी डॉलरांचा होता. पुढे प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलरांपैकी घाना देशातील एकच वाचला, कारण तेथे वीज गेल्याने तो त्या घटकेला जाळ्याबाहेर होता. विजेच्या लपंडावाचे एवढे उपकार क्वचितच कोणावर झाले असतील.

म्हणून नकाराची पाटी दिसताच अधिकार वाढवण्याऐवजी नकार कोणाकडून येतो आहे, हे शोधणे आवश्यक ठरते.

पहिली तपासणी अगदी साधी आहे. वापरकर्ता लॉगइन करतो तेव्हा संगणक त्याला एक ओळखपत्र देतो. तो कोणत्या गटांचा सदस्य आहे, हे त्यावर नोंदलेले असते. ते त्या क्षणापुरते तयार होते. नंतर खाते नव्या गटात घातले तरी जुन्या ओळखपत्रावर त्याचा मागमूस नसतो. पूर्ण लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करेपर्यंत नवा अधिकार लागू होत नाही. कमांडच्या खिडकीत ‘हूॲमआय’ ही कमांड देऊन पुढे तिरकी रेघ व ‘ग्रुप्स’ हा शब्द लिहिला, की ओळखपत्रावरील गटांची यादी दिसते. ‘अधिकार दिला, तरी चालत नाही’ ही तक्रार येथेच मिटण्याचा संभव बराच असतो.

दुसरे कारण विंडोज व्हिस्टापासून आलेले आहे. तेव्हापासून ॲडमिनला लॉगइन करताना दोन ओळखपत्रे मिळतात, एक सामान्य आणि एक पूर्ण अधिकाराचे. रोजची कामे सामान्य ओळखपत्रावर चालतात. पूर्ण ओळखपत्र वापरण्यासाठी ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ असे स्पष्टपणे सांगावे लागते. याचीच एक फसवी बाजू जाळ्यावर दिसते. दुसऱ्या संगणकाच्या स्थानिक ॲडमिन खात्याने दुरून प्रवेश केला, तर मूळचे ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ हे खाते वगळता इतरांना तेथे सामान्य ओळखपत्रच मिळते. पासवर्ड अचूक, खाते ॲडमिन गटात, तरीही नकार. हा अडथळा हेतुपुरस्सर ठेवलेला आहे. एका संगणकाचा पासवर्ड हाती लागल्यावर त्याच पासवर्डाने रांगेतले सगळे संगणक उघडू नयेत, हा त्यामागचा विचार. नोंदणीत बदल करून तो काढून टाकण्याचे सल्ले सर्रास मिळतात. ते पाळू नयेत हे बरे.

सर्व्हरवरच बसून एखादे फोल्डर उघडताना विंडोज विचारते : या फोल्डरसाठी तुम्हाला परवानगी नाही, ‘कंटिन्यू’ दाबायचे का? ते दाबले की फोल्डर उघडते, पण त्याच वेळी त्या व्यक्तीचे नाव फोल्डरच्या परवानगी-यादीत कायमचे लिहिले जाते. पुढे त्याला ॲडमिन गटातून काढले तरी ते फोल्डर त्याला उघडेच राहते. जुन्या सर्व्हरच्या याद्यांमध्ये नोकरी सोडून गेलेल्यांची नावे सापडतात, ती पुष्कळदा याच वाटेने आलेली असतात.

सामायिक फोल्डरवर परवानग्यांचे दोन थर असतात, एक सामायिकतेचा व दुसरा डिस्कवरील फाइलींचा. जाळ्यावरून येणाऱ्याला दोहोंपैकी कडक असेल तो लागू होतो. सर्व्हरवर बसलेल्याला फक्त दुसरा. त्यामुळे सर्व्हरवर उघडणारे फोल्डर दुरून उघडत नसेल, तर पहिला थर आधी पाहावा. एकाच पातळीवर मुभा आणि मनाई दोन्ही असतील तर मनाई जिंकते. मात्र फोल्डरवर थेट दिलेली मुभा वरून वारशाने आलेल्या मनाईपेक्षा वरचढ ठरते, हे अनुभवी लोकही विसरतात.

काही नकार घड्याळाच्या काट्यावर येतात. सकाळी दिलेला स्थानिक अधिकार दुपारपर्यंत नाहीसा होत असेल, तर मुख्यालयाचे धोरण तो पुसत असते. ग्रुप पॉलिसी साधारण दर ९० मिनिटांनी, त्यात अर्ध्या तासापर्यंतची भर पडून, पुन्हा लागू होते आणि स्थानिक ॲडमिन गटाची यादी आपल्या नमुन्याप्रमाणे करून टाकते. ‘जीपीरिझल्ट’ या कमांडने कोणते धोरण लागू झाले ते कळते. बरोबर तासाभराने अधिकार जात असेल, तर कारण निराळे. डोमेनमधील उच्च गटांच्या सदस्यखात्यांवरील परवानग्या ॲक्टिव्ह डिरेक्टरी दर ६० मिनिटांनी एका संरक्षित नमुन्याशी ताडून पूर्ववत करते. एखाद्याला त्या गटातून काढले तरी त्याच्या खात्यावरील संरक्षणाची खूण तशीच राहते, आणि मग साहाय्य-कक्षातील कर्मचाऱ्याला त्याचा साधा पासवर्डही बदलून देता येत नाही. घाईत डोमेन ॲडमिन केलेल्या खात्यांची ही खूण वर्षानुवर्षे उरते.

घड्याळाचा संबंध शब्दशः देखील आहे. डोमेनमधील ओळख-पडताळणीची केर्बेरॉस ही पद्धत संगणक आणि सर्व्हर यांच्या वेळेत पाच मिनिटांहून अधिक तफावत असल्यास प्रवेश नाकारते. मदरबोर्डवरील छोटी बॅटरी संपलेला संगणक वीज जाऊन आल्यावर जुनी तारीख दाखवू लागतो, आणि दोष मात्र पासवर्डाला दिला जातो. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संगणकांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवण्यास सांगितले आहे. लॉग १८० दिवस जपणे आणि सायबर घटना सहा तासांत कळवणे या अटीही त्याच निर्देशांतल्या.

वारंवार कुलूपबंद होणाऱ्या खात्याचा शोध लॉगमध्येच लागतो. डोमेन कंट्रोलरवरील ४७४० क्रमांकाची नोंद खाते कोणत्या संगणकामुळे बंद झाले त्याचे नाव देते. तेथे जाऊन पाहिल्यास बहुधा जुन्या पासवर्डानिशी चालू राहिलेली एखादी सेवा किंवा रात्रीच्या बॅकअपचे नेमलेले काम आढळते. ४६२५ क्रमांकाची नोंद फसलेल्या लॉगइनचे कारण व प्रकार सांगते : २ म्हणजे समोर बसून, ३ म्हणजे जाळ्यावरून, १० म्हणजे रिमोट डेस्कटॉपने.

जुन्या बॅकअपवरून पूर्ववत केलेला संगणक डोमेनला ओळखेनासा होतो, ही तक्रारही नेहमीची. संगणकाचेही डोमेनमध्ये खाते असते आणि त्याचा पासवर्ड साधारणतः ३० दिवसांनी आपोआप बदलतो. बॅकअपमधला पासवर्ड शिळा ठरतो. अशा वेळी स्थानिक ॲडमिन खात्याखेरीज आत जाण्याची खात्रीची वाट उरत नाही. म्हणून ते खाते बंद करून टाकू नये. मात्र सर्व संगणकांवर त्याचा एकच पासवर्ड ठेवू नये. प्रत्येक संगणकाला वेगळा पासवर्ड देऊन तो ठरावीक काळाने बदलणारी ‘लॅप्स’ ही सोय एप्रिल २०२३ पासून विंडोजमध्येच अंतर्भूत आहे.

रामाकोन्यातून बोरगावला कामावर जाणाऱ्या संगणक-कर्मचाऱ्याला डोमेन ॲडमिन होण्याची गरज क्वचितच पडते. त्याला आपल्या युनिटच्या संगणकांवर ॲडमिन करणारा स्वतंत्र गट, आपल्या युनिटच्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याची सोपवलेली मुभा आणि ई-मेल व रोजच्या कामासाठी वेगळे साधे खाते, एवढे पुरते. हे सारे मुख्यालयाला अर्ध्या दिवसात करून देता येते. कधी खरोखरच मोठा अधिकार द्यावा लागला, तर विंडोज सर्व्हर २०१६ पासून गटाच्या सदस्यत्वाला मुदत घालता येते. त्यासाठी संपूर्ण डिरेक्टरी त्या पातळीवर आणलेली असावी लागते. मुदत दोन तासांची घातली, तर ट्रक निघाल्यावर अधिकार आपोआप परत जातो.