भोळे, ज्योत्स्ना

(११ मे १९१४–५ ऑगस्ट २००१). मराठी गायिका व अभिनेत्री. माहेरचे नाव दुर्गा केळेकर. जन्म गोव्यातील बांदिवडे येथे. थोरल्या भगिनी गिरिजाबाई केळेकर याही गायिका-अभिनेत्री. गाण्याची तालीम आग्रा घराण्याची. १९३२ मध्ये संगीतकार केशवराव भोळे यांच्याशी विवाह.

१ जुलै १९३३ रोजी मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आणले. नॉर्वेचे नाटककार ब्यर्नसन यांच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी ते रचले होते. संगीत केशवरावांचे आणि बिंबाच्या भूमिकेत ज्योत्स्नाबाई. स्त्रियांच्या भूमिका प्रथमच स्त्रियांनी केल्या, असे म्हणून या प्रयोगाचा गाजावाजा झाला आणि ज्योत्स्नाबाईंवरचे बरेचसे लेखनही तिथेच थांबते. परंतु गायिका हिराबाई बडोदेकर त्याआधीच ‘सौभद्र’ नाटकात उभ्या राहिल्या होत्या आणि निव्वळ स्त्रियांच्या नाटकमंडळ्या त्याहूनही जुन्या. पहिलेपणाचा वाद त्यामुळे बाजूला ठेवलेला बरा. खरा फरक गाण्यात होता. बालगंधर्वांच्या परंपरेत पद सुरू झाले की कथानक थबके. ताना आणि ‘वन्समोअर’ यांत पद लांबत जाई. ऑपेरातील गायिकेपुढे हा पेच सहसा नसतो, कारण तिथे बहुधा संवादच गायला जातो. मराठी नाटकात मात्र पात्र बोलता बोलता गाऊ लागते आणि तो सांधा दिसला की पात्र मागे पडून गवई तेवढा उरतो. ज्योत्स्नाबाईंनी हा सांधा बुजवला. पदे मोजकी, थोडक्यात आटोपणारी. शब्द ठसठशीत आणि हरकत घेतली तरी ओळीचा अर्थ सांभाळून.

हे श्रेय केशवरावांचे, असा आक्षेप घेतला जातो. नाट्यपदाला भावगीताजवळ नेण्याचा विचार त्यांचा होता, यात शंका नाही. परंतु ज्योत्स्नाबाईंची सर्वांत लोकप्रिय गाणी केशवरावांच्या चालींची नाहीत. मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’ (१९४२) नाटकातील ‘बोला अमृत बोला’ या भैरवीची चाल मास्टर कृष्णरावांची. ‘माझिया माहेरा जा’ हे राजा बढे यांचे गीत पु. ल. देशपांडे यांनी स्वरबद्ध केलेले. मास्टर कृष्णराव तर गायक भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, म्हणजे पल्लेदार गायकीतच मुरलेले. तिन्ही संगीतकारांकडे गाण्याची मांडणी तीच राहते, तेव्हा ती गाणाऱ्या गळ्याची मानावी लागते. ‘कुलवधू’तील त्यांची भानुमती चित्रपटात काम करून संसार सावरते आणि शेवटी घराबाहेर पडते, अशा नायिकेच्या तोंडी ताना घोळवणारे पद शोभलेच नसते.

आटोपशीर पदांनी संगीत नाटक पातळ झाले, ही तक्रार अगदीच खोटी नव्हे. बैठकीचे गाणे ऐकायला थिएटरात येणारा रसिक दुरावला. परंतु बोलपटांनी नाटक कंपन्यांची घडी आधीच विस्कटली होती. त्या पडझडीत ‘कुलवधू’ने प्रेक्षक परत आणला, हे तक्रारदारांनी हिशेबात धरायला हवे.

चित्रपटांत थोडे काम.

‘भूमिकन्या सीता’ हे मामा वरेरकरांचे नाटक ज्योत्स्नाबाईंच्या उत्तरकाळातील. ‘आराधना’ हे नाटक त्यांनी स्वतः लिहिले. आत्मकथन : ‘तुमची ज्योत्स्ना भोळे’. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार. निधन पुणे येथे. तिथेच टिळक रस्त्यावर हिराबागेत त्यांच्या नावाचे सभागृह आहे.