जुगाराचा हिशेब

दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे. गुजरातेत श्रावणातील सातम-आठमीला पत्ते मांडण्याची रीत आहे. सयाजीगंज परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना या दोन्ही प्रथा परिचित आहेत. सणापुरता घरचा डाव आणि धंदा म्हणून चालणारा जुगार यांत मुख्य भेद असा, की घरच्या डावातील पैसा खेळणाऱ्यांतच फिरतो. धंद्यात मात्र पट मांडणाऱ्याचा वाटा आधीच ठरलेला असतो.

हा वाटा कोणी घ्यावा, याचा विचार कौटिल्याने केला आहे. द्यूताध्यक्ष नेमून जुगार एकाच जागी चालवावा, अन्यत्र खेळणाऱ्यास १२ पण दंड करावा, जिंकलेल्या रकमेतून शेकडा ५ घ्यावेत आणि फासे, पाणी व जागा यांचे भाडे निराळे आकारावे, अशी व्यवस्था अर्थशास्त्रात आहे. गुप्तपणे उपजीविका करणाऱ्यांचा माग लागावा, हाही तीमागील एक हेतू होता.

आधुनिक काळात ही कल्पना युरोपात पूर्णत्वास गेली. प्रदेश गमावून दरिद्री झालेल्या मोनाको संस्थानातील जुगारगृह १८६३ मध्ये फ्रान्स्वा ब्लाँ याने हाती घेतले. पुढे उत्पन्न इतके वाढले, की १८६९ मध्ये तेथील राजाने प्रजेवरील प्रत्यक्ष कर माफ केले. मात्र स्वतःच्या प्रजाजनांस जुगारगृहात खेळण्यास मनाई ठेवली. त्याच मोनाकोतील मोंटे कार्लो येथे आपल्या महाराणी सीतादेवी यांनी पुढे वास्तव्य केले, म्हणून ते नाव बडोद्यास परके नाही.

तेथील रूलेटच्या चक्रात ० ते ३६ असे ३७ खण असतात. एका आकड्यावर लावलेला रुपया जिंकला, तर मूळ रुपयासह ३६ हाती येतात. एकेका खणावर एकेक रुपया लावला, तरी ३७ देऊन ३६ परत मिळतात. चालकाचा वाटा शंभरामागे सुमारे २ रुपये ७० पैसे.

आता मुंबईचा मटका पाहू. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील भावांवर चालणारा आकडा बंद पडल्यावर, मूळचे कच्छचे कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळीत मटका सुरू केला. रतन खत्री यांनी तो दूरवर पसरवला. तीन पत्ते काढून त्यांच्या बेरजेचा शेवटचा अंक धरायचा : २, ५ आणि ८ आले, तर बेरीज १५, आकडा ५. शक्यता दहा, पण लागल्यास रुपयाला मिळत ९. म्हणजे शंभरामागे १० रुपये चालकाचे. मोंटे कार्लोतील धनिकाच्या जवळजवळ चौपट दराने परळ-लालबागचा गिरणी कामगार हा कर भरत होता.

मुंबई प्रांताचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली, तरी तो दोघांच्याही वाट्यास आला. महाराष्ट्राने १९७६ मध्ये जुगारगृहांना परवाना देणारा कायदा संमत केला. पण तो अमलात न आणताच २०२३ मध्ये रद्द केला. गोव्याने निराळी वाट धरली. तेथे १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना आणि १९९६ मध्ये जहाजांवरील खेळांना मुभा मिळाली. २०२० मध्ये मात्र गोवेकरांना कॅसिनोत खेळण्यास बंदी झाली.

मोनाकोच्या राजाने जे केले, तेच सुमारे दीडशे वर्षांनी गोव्याने केले. उत्पन्न हवे, पण ते परक्याच्या खिशातून. या बंदीत शासनाची एक कबुली दडलेली आहे. जो व्यवहार निर्दोष आहे, त्यापासून कोणी आपल्या माणसांना दूर ठेवत नाही. मटक्याच्या कामगारास असे दूर ठेवणारा कोणी नव्हता. कायदा होता, पण आकडा रोज निघत होता, आणि दर दहा रुपयांतला एक परस्पर जात होता.