नभोवाणी : एकांतांतून एकांताकडे



तळेऱ्याच्या नाक्यावर मुंबई-गोवा महामार्गाला दोन वाटा मिळतात. एक विजयदुर्गास समुद्राकडे उतरते, दुसरी गगनबावड्याच्या घाटानें कोल्हापुराकडे चढते. तेथें एस्. टी. ची वाट पाहणाऱ्या मंडळींत आज अनेकांच्या कानांना हेडफोन दिसतो. जो तो कांहींतरी ऐकत असतो, परंतु शेजाऱ्यास त्याचा पत्ता नसतो. हा प्रकार नवा वाटतो. वस्तुतः आपल्याकडील नभोवाणीचें बाळपण अशाच एकांतांत गेलें.

२३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें. त्या काळचें स्वस्त यंत्र म्हणजे क्रिस्टल सेट. उंच ताणलेली तार, तारेचें एक वेटोळें आणि गॅलिना ह्या शिशाच्या खनिजाचा खडा, एवढाच त्याचा संसार. ह्या खड्याच्या उपयोगाचें अमेरिकन पेटंट १९०४ मध्यें आपल्या जगदीशचंद्र बोस यांस मिळालें होतें. सेटला वीज लागत नसे. पण अॅम्प्लिफायरहि नसे. दुरून आलेल्या लाटेची शक्ति हेडफोनचा पडदा कसाबसा हालवी. तो एकांत दारिद्र्यानें लादलेला होता.

ली डी फॉरेस्ट यांनीं १९०६ मध्यें तयार केलेल्या निर्वात नळींतून पुढें अॅम्प्लिफायर निघाला आणि आवाज घरभर पसरला. १९४७ मध्यें ट्रान्झिस्टर आला, आणि कालांतरानें रेडिओ शेतावरहि गेला. १९५६ मध्यें आकाशवाणीच्या पुणें केंद्रानें युनेस्कोच्या साह्यानें पांच मराठी जिल्ह्यांतील सुमारें दीडशे गांवांत शेतकऱ्यांचीं श्रवणमंडळें चालविलीं. लोक एकत्र बसून ऐकत, मग चर्चा करीत. अॅम्प्लिफायरचें खरें देणें तें हेंच.

एफ्. एम्. चें पेटंट आर्मस्ट्राँग यांस १९३३ मध्यें मिळालें. विजेचा खरखराट मुख्यतः लाटेची उंची बिघडवितो. त्यांनीं आवाज लाटेच्या कंपनसंख्येंत सांठविला, म्हणून तो स्वच्छ राहिला. मद्रासेस ही पद्धति २३ जुलै १९७७ रोजीं आली. मुंबई केंद्रास त्या दिवशीं बरोबर पन्नास वर्षें झालीं होतीं. तिच्यांत सेकंदास सुमारें १५,००० कंपनांपर्यंतचे सूर पोंचतात. त्यापलीकडचें कांहीं कितीहि महाग हेडफोन देऊं शकत नाहीं. शिवाय ह्या लाटा बहुधा सरळ जातात, डोंगर त्यांना अडवितो. आणि अॅम्प्लिफायर आवाजाबरोबर खरखरहि वाढवितो. म्हणून आमच्या डोंगराळ मुलुखांत आधीं एरियल उंच करावी, मग अॅम्प्लिफायरवर पैसा घालावा.

एका स्नेह्याच्या घरीं असा उंची संच मीं ऐकला. तंबोऱ्याच्या तारा निरनिराळ्या कानीं आल्या, गायकाचा श्वासहि ऐकूं आला. "वाहवा!" म्हणून मी शेजारीं वळलों, स्नेही माझ्याकडे नुसते पाहत होते. त्यांना कांहींच ऐकूं येत नव्हतें.

पूर्वीं एकट्यानें ऐकावें लागे, कारण साधन अपुरें होतें. आज साधन भरपूर आहे, म्हणून निवड आपली आहे. सूक्ष्म सूर हेडफोननें अवश्य ऐकावेत. पण दिवसांतून एखादा कार्यक्रम तरी तो उतरवून घरच्या मंडळींसह ऐकावा. दाद द्यावयास शेजारीं कोणी असलें, म्हणजे गाणें पुरतें पोंचतें.