किटली, हात आणि आलेखाचा कागद

इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर ग्राफिक्स घेतलेल्यांना ती चहाची किटली आठवत असेलच. ओपनजीएलच्या लॅबमध्ये एक ओळ लिहिली की बाईसाहेब पडद्यावर हजर! प्रकाश, सावली, रंग, काहीही तपासायचं असलं की हीच गिऱ्हाईक. पण गंमत अशी, की ही किटली आधी पेन्सिलीने काढलेली आहे. हाताने, आलेखाच्या कागदावर.

त्यासाठी सत्तरच्या दशकातल्या युटा विद्यापीठात जायला हवं. तिथे आयव्हन सदरलंड शिकवत होते. 1963 साली एमआयटीत पीएचडी करताना 'स्केचपॅड' लिहून, प्रकाशलेखणीने थेट पडद्यावर चित्र काढून दाखवणारा हाच माणूस. आता हाताशी गणित होतं, यंत्र होतं, पण यंत्राला दाखवायला वस्तू नव्हती. स्कॅनर घेऊन त्रिमिती वस्तू आत ढकलायची सोय तेव्हा कुठली? मग सदरलंडच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या बायकोच्या फोक्सवॅगन बीटलवर बिंदू आणि रेषा आखल्या, मोजपट्ट्या लावल्या आणि आकडे टिपून घेतले. अख्ख्या गाडीचा चित्रकलेचा कागद केला म्हणा ना!

त्यांच्यातच एड कॅटमल होता. लहानपणी त्याला डिस्नेत ॲनिमेटर व्हायचं होतं, पण आपला हात तेवढा चांगला नाही असं ठरवून तो भौतिकशास्त्र आणि संगणकाकडे वळला. (ओळखीची गोष्ट वाटतेय ना? आपल्यापैकी कितीजणांची चित्रकलेची वही दहावीला बंद झाली!) 1972 साली वर्गातल्या प्रकल्पासाठी त्याने स्वतःच्या डाव्या हाताचा प्लास्टरचा साचा केला. साचा निघताना हातावरचे केसही निघाले म्हणे. त्या प्लास्टरच्या हातावर त्याने शाईने सुमारे 350 त्रिकोण आणि बहुकोन काढले, एकेका कोपऱ्याचे आकडे यंत्रात भरले आणि स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमने तो हात हलवला. 2011 साली ही छोटी फिल्म अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेली.

किटली आली 1975 मध्ये. मार्टिन न्यूवेलने घरातल्या किटलीचं रेखाटन केलं आणि त्यावरून बेझिए वक्रांचे बिंदू मशीनला दिले. खरी किटली पडद्यावरच्या किटलीपेक्षा उंच आहे. माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये ती ठेवली आहे.

मला यातली खरी कलाकारी दिसते ती रेषा कुठे मारायची या निर्णयात. वळण जास्त तिथे बारीक तुकडे, सपाट भागावर मोठे. हे मशीनने ठरवलं नाही. बघून बघून, माणसाच्या डोळ्याने ठरवलं. म्हणजे चित्रकार जे करतो तेच की! 'मला चित्र येत नाही' म्हणणारा कॅटमल तेच करत होता.

पण ही गोष्ट इथेच संपवली तर ती फारच गोड होईल. पुढे कॅटमलच्या पिक्सारने डिस्नेबरोबर 'कॅप्स' ही प्रणाली बनवली. ॲनिमेटरने कागदावर पेन्सिलीने काढायचं, ते स्कॅन करायचं आणि शाई-रंग संगणकावर. 1990 चा 'द रेस्क्युअर्स डाउन अंडर' पूर्णपणे असा तयार झाला. पेन्सिल वाचली. पारदर्शक सेलवर शाई फिरवणारे, मागून रंग भरणारे हात मात्र लागेनासे झाले. डिस्नेत हे काम कित्येक दशकं मुख्यतः बायका करत होत्या, आणि त्यातही कसब होतंच.

म्हणून 'हाताने की कॉम्प्युटरवर?' हा उपयोजित कलेच्या मुलांना हमखास पडणारा प्रश्न मला अर्धवट वाटतो. दोन्ही एकत्र चालतं, हे युटाच्या पोरांनी पन्नास वर्षांपूर्वी दाखवलंय. विचारायचं ते हे, की यातला कुठला भाग मी मशीनला देतोय आणि तो आजवर कोण करत होतं? आपण सॉफ्टवेअरवाले रोज कुणाचं ना कुणाचं काम 'ऑटोमेट' करतो. आपणही हे विचारायला हरकत नाही.

असो. या वीकेंडला आलेखाचा कागद आणा आणि घरातली किटली काढून बघा. दांडा दिसतो त्यापेक्षा बराच अवघड आहे!