फोटोतला पक्षी आणि पुसट अक्षर



इतिहासाच्या माणसाने रानपाखरांच्या फोटोंवर बोलावे, हे आपल्याला जरा वाट चुकल्यासारखे वाटेल. पण माझा धंदा जुने कागद तपासण्याचा. कागद हाती आला की आम्ही विचारतो : हा कोणी लिहिला, केव्हा लिहिला, त्याने स्वतः पाहिले की दुसऱ्याकडून ऐकले? आणि जिथे शाई पुसट झाली आहे तिथे आपण आपल्या मनातलेच अक्षर तर वाचत नाही ना? पक्ष्याचा फोटो हाही असाच एक कागद आहे. त्यातली पुसट जागा वाचताना मोठमोठे जाणकार एकमेकांशी भांडले आहेत.

एकोणिसाव्या शतकात पक्षी पाहिल्याचा पुरावा म्हणजे बंदूक. पक्षी मारायचा, कातडे काढून भुसा भरायचा, चिठ्ठी बांधायची आणि संग्रहालयात ठेवायचे. जिवंत पक्ष्याचे चित्र घ्यावे तर भिंगे कमजोर आणि पाखरू काही आपल्यासाठी थांबत नाही. इंग्लंडात यॉर्कशायरच्या डोंगराळ भागातले रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे शेतकऱ्याघरचे दोघे भाऊ. त्यांनी 1892 पासून घरट्यांचे फोटो घ्यायला सुरुवात केली. पाखरांना संशय येऊ नये म्हणून त्यांनी काय करावे? चक्क बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून पोकळ बैल केला आणि कॅमेरा घेऊन त्याच्या पोटात शिरले! पोळ्याला आपण बैल सजवतो, यांनी बैलाची खोलीच केली.

जवळ जाण्याची ही खटपट कमी व्हावी म्हणून टेलिफोटो भिंग उपयोगी पडले. लंडनमध्ये डालमायर आणि जर्मनीत मीटे यांनी 1891 च्या सुमारास, एकमेकांवर न विसंबता, अशी भिंगे तयार केली. दूरचे जवळ दिसू लागले. पण या भिंगाची एक खोड आहे. ते पक्षी मोठा करते, तशी हाताची थरथरही मोठी करते. म्हणून छायाचित्रकारांचा जुना अडाखा असा, की 500 मिलिमीटरचे भिंग हातात धरले तर झडप एका सेकंदाच्या पाचशेव्या भागात तरी मिटली पाहिजे. दुसरी अडचण खोलीची. अशा भिंगाने दहा मीटरांवरचा पक्षी टिपला, तर पुढेमागे मिळून साधारण तेरा-चौदा सेंटिमीटरांचा पट्टाच स्पष्ट येतो. एक वीतसुद्धा नाही. चोच स्पष्ट आली तर शेपूट धूसर, असे होते ते यामुळेच.

मग फोटो स्पष्ट आहे की नाही, हे पाहायचे कसे? आधी डोळा पाहा. डोळ्यात उजेडाचा बारीक ठिपका कडेने रेखीव दिसला तर बरेच काम झाले. मग मानेजवळची पिसे सुटी सुटी दिसतात, की लोकर थापल्यासारखी, ते पाहा. धूसर असेल तर धूसरपणाचे कारण शोधा. फांदी आणि पक्षी दोन्ही एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसतात? मग हात हलला. फांदी स्वच्छ आणि पंख तेवढे विरघळलेले? पाखरू हलले. मागची साल चरे मोजण्याइतकी स्पष्ट आणि पक्षी मऊ? भिंगाचा नेम चुकला. आणि सगळेच पाण्यात पाहिल्यासारखे हलते असेल, तर वैशाखातली भर दुपार आठवा. नांगरलेल्या रानावर हवा कशी थरथरते! त्या हवेपुढे कितीही महाग भिंग हात टेकते.

आता संगणकावर फोटोला धार लावता येते. ती फार लावली की पक्ष्याच्या कडेने एक पांढरी किनार उमटते, आणि नवी यंत्रे तर नसलेली पिसेही काढून देतात. फोनवरून दहा हातांतून फिरत आलेल्या फोटोत बारीक तपशील गळालेला असतो. नक्कल पाहून निकाल देऊ नये, मूळ मागावे, हा आमच्या दफ्तरखान्याचा नियम इथेही लागू पडतो.

एवढी चिकित्सा कशाला, असे कोणी विचारील. आपल्या खानदेशातलेच उदाहरण घ्या. रानपिंगळा नावाचे लहानसे घुबड. त्याचे वर्णन ह्यूम यांनी 1873 साली केले. साऱ्या जगातल्या संग्रहालयांत त्याची मोजकीच कातडी, आणि 1884 नंतरचा खात्रीचा पुरावा नाही. मेनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 1914 साली एक मिळवल्याचा दावा केला होता. पुढे पामेला रास्मुसेन यांनी ते कातडे तपासले, तेव्हा ते जुन्या संग्रहातून चोरून, नव्याने भरून, खोटी चिठ्ठी लावलेले निघाले. म्हणजे बंदुकीचा पुरावाही खोटा असू शकतो! खोटे ठिकाण वगळून, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांच्या आधारे रास्मुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे शोधाला निघाले. 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यात, त्यांना तो दिवसाउजेडी फांदीवर बसलेला दिसला. त्यांनी फोटो आणि चलच्चित्र दोन्ही घेतले. आता गंमत अशी, की गावाच्या वडापिंपळावर राहणाऱ्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात आणि रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा असतो. फोटो धूसर आला की ठिपके पुसतात, आणि गावातल्या पिंगळ्याचा घरबसल्या रानपिंगळा होतो. शहाद्याचा पुरावा स्पष्ट होता, म्हणून वाद उरला नाही. 2014 साली तो तानसा अभयारण्यातही सापडला.

अमेरिकेत मात्र उलटे झाले. तिथे हस्तिदंती चोचीचा एक मोठा सुतारपक्षी होता. शिलाईयंत्रवाल्या सिंगर कंपनीच्या मालकीचे लुइझियानात जंगल होते. तिथे 1935 साली कॉर्नेल विद्यापीठाच्या आर्थर ॲलन यांच्या मंडळींनी त्याचे फोटो घेतले, आवाजही नोंदवला. ते जंगल पुढे तोडले गेले. 1944 च्या एप्रिलमध्ये तिथे उरलेल्या एकट्या मादीचे चित्र डॉन एकेलबेरी या चित्रकाराने काढले. सर्वांना मान्य असलेले तेच शेवटचे दर्शन. 1971 साली जॉर्ज लॉवरी यांनी दोन फोटो पुढे आणले. पण त्यांत चोच आणि पाय दिसत नव्हते, आणि दोन वेगळ्या झाडांवर पक्ष्याची बैठक तीच. पेंढा भरलेला पक्षी झाडाला लावला असावा, असे सहकारी म्हणाले. म्हणजे फोटोतला पक्षी ओळखू आला, तरी तो जिवंत आहे की नाही हा प्रश्न राहतोच.

मग 25 एप्रिल 2004. आर्कान्सा राज्यातली दलदल. डेव्हिड लुनो यांच्या नावेत कॅमेरा चालू ठेवलेला होता. झाडामागून एक पक्षी उडाला आणि सुमारे चार सेकंदांत दिसेनासा झाला. भिंगाचा नेम पुढच्या वस्तूवर, पक्षी मागे आणि धूसर. एप्रिल 2005 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाने जाहीर केले : हस्तिदंती सुतारपक्षी जिवंत आहे. सगळी मदार एका खुणेवर होती. या पक्ष्याच्या पंखाची मागची कड वरून आणि खालून पांढरी असते. त्याच रानात सर्रास आढळणाऱ्या पायलिएटेड सुतारपक्ष्याच्या पंखाचे पांढरे खालून आणि पुढच्या बाजूला असते, मागची कड काळी. चित्रात मागे पांढरे दिसले. पण 2006 साली डेव्हिड सिबली आणि इतरांनी त्याच 'सायन्स'मध्ये लिहिले, की धूसर चित्रात पांढरा रंग ओल्या कागदावरच्या शाईसारखा फुटून काळ्या कडेवर पसरतो; हा साधाच पक्षी आहे. 2007 साली मार्टिन कॉलिन्सन यांनी खात्रीच्या पायलिएटेड पक्ष्यांची चलच्चित्रे तपासून दाखवले, की दूर उडत जाताना त्यांच्याही पंखाची मागची कड पांढरी दिसते.

हा विद्वानांचा नुसता वाद राहिला असता तर मी तुमचा वेळ घेतला नसता. अमेरिकेच्या सरकारने या पक्ष्यासाठी एक कोटी डॉलरहून अधिक खर्चाची योजना जाहीर केली. त्याच भागात भाताचे शेतकरी होते. त्यांचे भूजल खाली चालले होते, म्हणून नदीचे पाणी उपसून शेतांना देण्याची मोठी योजना सुरू होती. 2006 च्या जुलैमध्ये न्यायाधीशांनी या सुतारपक्ष्याचा विचार पुरेसा झाला नाही म्हणून ते काम थांबवले. ज्याच्या विहिरीचे पाणी आटते आहे, त्याने त्या चार सेकंदांकडे कसे पाहिले असेल! आणि दुसरीकडे, पक्षी खरोखरच तिथे असेल तर? मला सिबलींचे म्हणणे पटते. तरीही न्यायाधीशांना मी दोष देणार नाही. त्यांच्यापुढे आलेला कागदच पुसट होता.

2021 साली सरकारी खात्याने हा पक्षी नामशेष धरून संरक्षणाच्या यादीतून काढावा असा प्रस्ताव मांडला. ऑक्टोबर 2023 मध्ये 21 जाती नामशेष म्हणून यादीतून काढल्या. याचे नाव मात्र त्या वेळी काढले नाही.

ते चार सेकंदांचे चलच्चित्र मी एकदा वर्गात दाखवले. आधी काहीच सांगितले नव्हते. काय दिसलं, असे विचारल्यावर मुले एकमेकांकडे पाहू लागली. मागच्या बाकावरचा एकजण उठून म्हणाला, "सर, झाडामागून काहीतरी काळं-पांढरं उडून गेलं." मी ते फळ्यावर लिहिले आणि त्याला पुन्हा एकदा पाहायला लावले.