दाराचा गुण पिस्टनला

पावसाळ्यात राधानगरीत एकच चौकशी चालते : दारं उघडली का? धरणाला सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरल्या पातळीला आलं की आपोआप उघडतात.

पुतण्यानं हे धरण कॉम्प्युटरवर माइनक्राफ्ट या खेळात उभं केलं. भोगावती, भिंत, सात दारं, प्रत्येकामागे पिस्टन. मग मित्रांना दाखवायला ते रूपांतर करून मोबाइलवर घेतलं. “काका, भिंत आली, पाणी आलं, पण दारं हलंनात की!”

याचं मूळ घराण्यात आहे. 2009चा पहिला माइनक्राफ्ट जाव्हा भाषेत लिहिलेला. त्याचा कोड उकलता येई, म्हणून हौशी लोकांनी त्यावर मॉड, म्हणजे आपापले फेरबदल, रचले. 2011मध्ये मोबाइलची आवृत्ती आली, ती सी प्लस प्लसमध्ये नव्यानं लिहून. 2017पासून तिच्या घराण्याला ‘बेडरॉक’ म्हणतात. चेहरा तोच, हाडं वेगळी. चित्रांचा पॅक हलवणं त्यामानानं सोपं : जाव्हाच्या ‘ब्लॉक’ फोल्डरातली चित्रं बेडरॉकच्या ‘ब्लॉक्स’मध्ये न्यायची, ओळखपत्राची फाइल बदलायची. (जाव्हातही 2018पर्यंत ‘ब्लॉक्स’च होतं, नाव बदलून काय साधलं, देव जाणे.) मॉडचा कोड मात्र असा उचलून नेता येत नाही. तो पुन्हा लिहावा लागतो.

आता पिस्टन. हा मुळात एका चाहत्याचा मॉड. जून 2011मध्ये बीटा 1.7मध्ये तो खेळातच सामावून घेतला गेला. तिथं एक गंमत झाली. खेळातलं दार दोन घरं उंच. वरच्या अर्ध्याला रेडस्टोनची, म्हणजे खेळातली, वीज मिळाली तरी ते उघडायला हवं. वीज तपासणारा दाराचा हाच कोड पिस्टनला चिकटला. पिस्टन एकाच घराचा, तरी डोक्यावरच्या रिकाम्या घरापाशी वीज पोचली की हा ढकलायला तयार! खेळाडूंनी याला ‘क्वासी-कनेक्टिव्हिटी’ म्हटलं, त्यावर अफाट यंत्रं बांधली. मग खेळ बनवणाऱ्या मोजांग कंपनीनंही ही चूक नव्हे, असंच चालायचं, असं ठरवून टाकलं. बेडरॉकमध्ये ही खोड आलीच नाही. पुतण्याची दारं नेमकी तिच्यावरच चालत होती, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

दोन तास खपून त्यानं रेडस्टोनची रेघ सातही पिस्टनना थेट भिडवली. दारं उघडली. मग कॉम्प्युटरवरही तशीच जोडणी करून बघितली.

“हितं पण चालतंय की,” म्हणाला, जरा नाराजीनंच.