भाऊरावांच्या जागी कोण?

तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादा मुलगा तीन वर्षे शिवाजी होतो, चौथ्या वर्षी सातवी पास होऊन गावाबाहेर जातो. मग मास्तरांच्या खोलीत प्रश्न पडतो : आता शिवाजी कुणाला करायचं? जिरेटोप तोच, तलवार तीच, भाषणही तेच, पण नवा मुलगा उभा राहिला की लोक म्हणतात, "ह्याच्यात ती मजा नाही."

हा प्रश्न थोरामोठ्यांनाही सुटलेला नाही. विलायतेत जेम्स बाँड नावाच्या गुप्तहेराचे बोलपट 1962 सालापासून निघत आले. शॉन कॉनरी हा पहिला नट. त्याच्यामागून त्या मुख्य मालिकेत लेझन्बी, मूर, डाल्टन, ब्रॉस्नन आणि क्रेग असे पाच जण आले. क्रेगची निवड झाली तेव्हा त्याचे केस पिंगट आहेत म्हणून लोकांनी ओरड केली होती! 2021 साली त्याचा शेवटचा बाँडपट आला आणि पुन्हा घरोघर तीच चर्चा : आता कोण? आपल्याला याचं नवल वाटायला नको. कारण हीच चर्चा 1901 साली महाराष्ट्रात झाली होती, आणि तिचा निकाल लागला तो आपल्या करवीर नगरीच्या आणि मिरजेच्या परिसरात. ती हकीकत आज सांगायची आहे.

31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले. त्या काळी स्त्रियांची कामे पुरुषच करीत. पहिली शकुंतला झाले शंकरराव मुजुमदार. हे नाव तेवढे ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे. दोन वर्षांत कंपनीला बडोद्याचा एक तरुण मिळाला, भाऊराव कोल्हटकर. वय एकोणीस, रूप देखणे आणि गळा असा की उंच सुरात तान सुटली म्हणजे थेट शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन भिडावी. शकुंतला त्यांच्याकडे गेली. 1882 मध्ये 'सौभद्र' आले, त्यातली सुभद्राही तेच झाले. लोक त्यांना लाडाने 'भावड्या' म्हणत. 1885 साली अण्णासाहेब वारले, तरी कंपनी उभी राहिली. त्याचे मोठे श्रेय भाऊरावांच्या गळ्याला आहे. वय वाढले तसे ते पुरुषभूमिकांकडे वळले, पण प्रेक्षकांची गर्दी त्यांच्याच नावाने होत राहिली.

आणि 13 फेब्रुवारी 1901 रोजी भाऊराव गेले. वय अवघे सदतीस!

आता विचार करा. नाटक कंपनी म्हणजे चार-दोन नट नव्हेत. पेटीवाला, तबलजी, सारंगिये, पडदे ओढणारे, आचारी, शिंपी, लहान पोरे असे फिरते गावच ते. सगळ्यांची पंगत एका गळ्यावर चाललेली. तो गळा बंद झाला म्हणजे चूलच विझायची वेळ. म्हणून "भाऊरावांच्या जागी कोण?" हा नुसत्या हौसेचा प्रश्न नव्हता, पोटाचा होता.

शिवाय अडचण अशी की, स्त्रीभूमिकेला कोवळा मुलगा घ्यावा, तर पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्याचा आवाज फुटतो. दोन वर्षे तालीम देऊन तयार केलेली सुभद्रा एके दिवशी सकाळी घोगऱ्या आवाजात बोलू लागते! तेव्हा आवाज फुटल्यानंतरही गोड राहिलेला गळा हवा, रूप हवे, आणि घरच्यांनी मुलगा नाटकात धाडायला हवा. नाटकात गेलेला मुलगा वाया गेला, असे मानण्याचा तो काळ. तिन्ही गोष्टी एका ठायी सापडणे कठीण.

असा एक मुलगा होता. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म 26 जून 1888. लहानपणी त्याचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला 'बालगंधर्व' म्हटले, ही कथा तुम्ही ऐकलीच असेल. हा मुलगा कोल्हापुरास आला आणि शाहू महाराजांच्या कानी त्याचे गाणे पडले. महाराज कुस्तीचे शौकीन तसेच गाण्याचेही. मुलाच्या कानात दोष होता, ऐकू कमी येई. गवयाला कानच नीट नाही, म्हणजे सगळेच संपले, असे म्हणून दुसऱ्या कुणी त्याला परत पाठवले असते. महाराजांनी त्याला मिरजेच्या मिशन दवाखान्यात डॉक्टर वॉनलेस यांच्याकडे उपचारासाठी धाडले. मिरजेस किर्लोस्कर मंडळींशी त्याची गाठ पडली, आणि कंपनीत घेण्याविषयी महाराजांचा शब्दही पडला.

कंपनीच्या चालकांत तेव्हा कोण होते? तेच शंकरराव मुजुमदार! जे स्वतः पहिली शकुंतला झाले होते आणि ज्यांची भूमिका पुढे भाऊरावांकडे गेली होती, तेच आता नवी शकुंतला पारखायला बसले. आपली जागा दुसऱ्याने घेतलेली ज्याने डोळ्यांनी पाहिली, त्याच्यापेक्षा चांगला परीक्षक कुठून आणणार? तालीम द्यायला होते 'शारदा'कार गोविंद बल्लाळ देवल. एकेक शब्द कसा टाकावा, पदर कसा सावरावा, मान कुठे वळवावी, हे ते घोटून घेत.

1905 साली मिरजेस नारायणराव शकुंतला म्हणून उभे राहिले. वय सतरा. समोरच्या प्रेक्षकांत भाऊरावांना ऐकलेले कान कितीतरी असणार. अशा वेळी नवख्याला मोह होतो तो नक्कल करण्याचा. भाऊरावांची तान तशीच्या तशी मारावी, म्हणजे लोक खूश! पण या मुलाचा गळा निराळा होता. भाऊरावांच्या गाण्यात विजेची चमक, तर याच्या गाण्यात मार्दव. शब्दाचा अर्थ सुरातून हळूहळू उलगडायचा, लय अशी सांभाळायची की ऐकणाऱ्याने मान डोलवावी. त्याने आपलाच गळा गायिला आणि लोकांनी तो घेतला. पुढे 1911 मध्ये खाडिलकरांचे 'मानापमान' आले, त्याच्या चाली आपल्या गोविंदराव टेंब्यांच्या. 1913 साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. थोरामोठ्यांच्या घरच्या स्त्रिया बालगंधर्वांसारखे लुगडे नेसू लागल्या. पुरुष पाहून बायका नेसायला शिकतात, हे जगात फार ठिकाणी घडले नसेल!

पण पुन्हा तोच प्रश्न किर्लोस्कर मंडळींपुढे आला : बालगंधर्व गेले, आता कोण? या वेळी मिळाला गोव्याच्या मंगेशीचा दीनानाथ. त्याचा गळा तिसऱ्याच तऱ्हेचा, झपाट्याचा आणि तेजस्वी. तोही कुणासारखा नव्हता.

आपल्या कोल्हापूरचे केशवराव भोसले यांची गोष्टही अशीच. त्यांची ललितकलादर्श मंडळी 1908 सालची. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले, त्यात बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 4 ऑक्टोबरला केशवराव वारले, वय एकतीस. त्यांच्या जागी बापूराव पेंढारकर उभे राहिले. त्यांनी नुसत्या जुन्या भूमिका चालवल्या नाहीत. 1922 मध्ये मामा वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' आणून कंपनीला नवी वाट दाखवली. ज्या नाट्यगृहाला केशवरावांचे नाव आहे, ते शाहू महाराजांनी बांधलेले पॅलेस थिएटर. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री तिथे आग लागली. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा. त्या रात्री रस्त्यावर उभी राहून रडलेली माणसे कोल्हापुरात आहेत. ती नुसत्या लाकडी तुळयांसाठी रडली नाहीत, हे सांगायला नकोच.

आता शेवटची गोष्ट, आणि ती जरा विचार करायला लावणारी आहे. 1913 साली फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटात तारामती झाले अण्णा साळुंके, म्हणजे पुरुषच. 1932 साली कोल्हापुरात प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला. हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, आणि तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे. एकोणीस वर्षांत तीच भूमिका पुरुषाकडून स्त्रीकडे आली. त्याआधी, 1929 मध्ये, हिराबाई बडोदेकरांनी आपल्या मंडळीतर्फे 'सौभद्र' केले आणि स्वतः सुभद्रा झाल्या. मागून जयमालाबाई शिलेदारांनी ती परंपरा चालवली. म्हणजे पन्नास वर्षे "सुभद्रा कोणता मुलगा करील?" असा शोध चालला होता, आणि सुभद्रा करू शकणाऱ्या मुली घरोघर होत्या. त्यांना कुणी विचारलेच नव्हते. भाऊरावांची, बालगंधर्वांची थोरवी याने कमी होत नाही. पण शोधणारे किती लहान अंगणात शोधत होते, ते मात्र दिसते.

म्हणून मास्तर मंडळींना माझे एवढेच सांगणे आहे. यंदाच्या संमेलनात भूमिका वाटताना गेल्या वर्षीच्या मुलासारखा मुलगा शोधू नका. तसा मिळणार नाही, आणि मिळालाच तर ती नक्कल होईल. एखाद्याच्या कानात दोष असेल, एखाद्याची जीभ अडखळत असेल, तर त्याला लगेच घरी धाडू नका. शाहू महाराजांनी आधी दवाखाना दाखवला होता. आणि यादी करताना वर्गाच्या त्या कोपऱ्यातही पाहा, जिथे आजवर कुणी पाहिलेले नाही. शिवाजीची तलवार एखाद्या मुलीच्या हातीही शोभून दिसेल. पुरुषाने नेसलेले लुगडे ज्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतले, त्याला एवढे अवघड जाऊ नये.